मावळे हलवायचे कसे?

दिवाळीचा किल्ला हा खेळ की देखावा, असं कुणी विचारलं तर आपण चटकन म्हणू, खेळ. मुलं करतात म्हणजे खेळच. पण जरा थांबून बघा. मुलं दगड-विटा रचतात, चिखलात बुडवलेलं गोणपाट त्यावर पांघरतात, अळीव पेरतात, चार दिवसांत हिरवळ उगवते. माथ्यावर सिंहासनात महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याला वाघाची गुहा, विहिरीवर पाणी भरणारी बाई आणि कुणाच्या तरी खेळण्यांतून आलेला एक रणगाडा. संध्याकाळी पणत्या लागतात. येणारे-जाणारे वाकून बघतात, छान झालाय म्हणतात. इथवर सगळं ठीक. पण एकदा ठेवलेला मावळा तुळशीच्या लग्नापर्यंत जागचा हलत नाही. एवढं सैन्य जमवून आपण त्याला पहाऱ्याला उभं करतो आणि विसरून जातो.

आमच्या बाळकुमात आता गावठाणाभोवती उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. किल्ल्याला माती लागते ती पोत्यानं विकत आणावी लागते आणि किल्ला होतो तो पार्किंगच्या कोपऱ्यात. तरी होतो, हे काय कमी आहे? आमच्या इमारतीतल्या मुलांना घेऊन गेल्या काही दिवाळ्या मी हा किल्ला चालता करायच्या खटपटीत आहे. म्हणजे मावळे हलवायचे. दोन बाजू करायच्या, नियम ठरवायचे, फासा टाकायचा. परदेशात या छंदाची मोठी दुकानं आहेत, जाडजूड नियमपुस्तकं आहेत. मोठं सैन्य न घेता दहा-पंधरा बाहुल्यांवर जो खेळ होतो त्याला तिकडे 'स्कर्मिश' म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, चकमक.

बाहुल्यांची लढाई आपल्याला नवी नाही. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं, हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये हा पटावरचा खेळही आला आहे. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे बिदरकडचं बसवकल्याण. आपलं लोकल गाडीचं कल्याण नव्हे. पण बुद्धिबळात दोन्ही बाजू सारख्या, जमीन सपाट आणि प्याद्याला नाव नाही. प्याद्याला चढ लागत नाही, तहान लागत नाही, ते घाबरून पळत नाही. खऱ्या लढाईत या तीन गोष्टींवरच सगळं ठरतं.

ही उणीव युरोपात प्रशियाच्या एका बाप-लेकांनी भरून काढली. थोरल्या राइसविट्झनं १८१२ साली राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला एक मेजच करून दिलं. प्लास्टरचे तुकडे जोडून त्यावर टेकड्या, नद्या, रस्ते, गावं मांडता येत. मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्यानं १८२४ साली नियम छापले आणि खेळ नकाशावर आणला. अंतर मोजून चाल करायची, गोळाबारीचा परिणाम फाशानं ठरवायचा आणि दोन बाजूंच्या मध्ये एक पंच बसवायचा, जो प्रत्येकाला त्याला दिसू शकेल तेवढंच सांगेल. प्रशियाच्या सैन्यानं हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला.

मग तो लेखकांच्या हाती लागला, याचं मला कवी म्हणून विशेष कौतुक. आर. एल. स्टीव्हन्सन छातीच्या दुखण्यासाठी १८८१-८२च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये दावोसला राहिला होता. तिथे तो माळ्यावर फरशीवर नकाशा आखून सावत्र मुलाबरोबर शिशाचे शिपाई खेळवत असे. १८९३ साली विल्यम ब्रिटन या लंडनच्या खेळणीवाल्यानं पोकळ शिपाई ओतायची युक्ती काढली. शिसं कमी लागू लागलं आणि शिपाई मध्यमवर्गाच्या घरात आले. एच. जी. वेल्सनं १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं छोटं पुस्तक काढलं. लाकडी खुंटी उडवणारी स्प्रिंगची तोफ, खोलीभर पसरलेले ठोकळे आणि सोपे नियम. बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलग्यांसाठी आणि हुशार मुलींसाठीही, असं त्यानं शीर्षकातच घालून ठेवलं. वेल्स युद्धखोर नव्हता. ज्याला युद्धाची खुमखुमी आहे त्यानं ती फरशीवर भागवावी, असा त्याचा रोख होता. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

पुढची हकिगत भराभर सांगतो. १९६२ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड फेदरस्टोनचं 'वॉर गेम्स' आलं आणि छंदाला मंडळी मिळाली. १९७१च्या 'चेनमेल' या अमेरिकन नियमपुस्तकात सैन्याच्या लढाईबरोबर एकास एक लढतीचे नियम होते. त्यातूनच १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघालं. इंग्लंडातल्या गेम्स वर्कशॉपचा 'वॉरहॅमर' १९८३चा. त्याच कंपनीच्या १९९९च्या 'मॉर्डहाइम'मध्ये टोळीतल्या मुख्य माणसांना नाव असतं, ते जखमी होतात, अनुभवानं शहाणे होतात आणि पुढच्या डावात तेच पुन्हा येतात.

माझ्या दृष्टीनं कळीची गोष्ट हीच आहे. एक बाहुली म्हणजे एक माणूस. वीस माणसांचं प्रतीक नाही. आणि माणूस म्हटला की त्याला नाव द्यावं लागतं.

आता आपल्या किल्ल्याकडे वळू. देखाव्याला एकच बाजू पुरते. खेळाला दोन लागतात. दिवाळीच्या बाजारात महाराज मिळतात, मावळे मिळतात, तोफ मिळते, भालदार-चोपदार मिळतात. समोरच्या बाजूची माणसं सहसा मिळत नाहीत. मुलांनी पहिल्या वर्षी त्यावर तोडगा काढला. निम्मे मावळे हिरवे रंगवले. झाला शत्रू तयार!

मी त्यांना ओरडलो नाही. आमच्या लहानपणीही हेच होतं, फक्त बाहुल्यांच्या जागी आम्ही होतो. गल्लीत लाकडी तलवारी घेऊन लढाई खेळायचो आणि माझ्या वाट्याला ठरलेलं काम यायचं, "तू खान हो." त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. नाव बघून वाटणी व्हायची, इतकंच. मी विहिरीच्या कट्ट्यावरून फार छान मरायचो, त्याला टाळ्याही पडायच्या. पण राजांच्या बाजूनं उभं राहायला माझ्या नावाचा कुणी माणूस इतिहासात होता का, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही, मला मारणाऱ्यांनाही नाही.

होता. मुलांचा पहिला डाव म्हणून मी जो प्रसंग निवडला, त्यातच होता. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. भेटीला येताना दोघांनी आपापले दहा अंगरक्षक बाणाच्या टप्प्यावर ठेवायचे, असं ठरलं होतं. दहा विरुद्ध दहा. चकमकीचा डाव शोधायला आणखी कुठे जायचं? शिवाजी महाराजांच्या दहा माणसांची नावं कवींद्र परमानंदानं 'शिवभारत' या संस्कृत काव्यात देऊन ठेवली आहेत. परमानंद महाराजांच्याच काळातला, त्यांच्याच आश्रयाचा कवी. सदाशिव महादेव दिवेकरांनी ते काव्य १९२७ साली छापून काढलं. संभाजी कावजी, काताजी इंगळे, कोंडाजी कंक, येसाजी कंक, कृष्णाजी गायकवाड, सूरजी काटके, विसाजी मुरंबक, संभाजी करवर, जिवा महाला आणि सिद्दी इब्राहीम. समोर खानाच्या माणसांत सय्यद होते, रहीमखान होता आणि पिलाजी मोहिते, शंकराजी मोहिते हेही होते. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर. त्याच्या फौजेत भोसले घराण्यातलेच मंबाजी भोसले. मावळातले खंडोजी खोपडे खानाला मिळालेले आणि शेजारचे कान्होजी जेधे राजांपाशी टिकून राहिलेले.

आता ही माणसं हिरव्या आणि भगव्या रंगात कशी वाटणार?

आमच्या डावातला प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. रंगवायला बसलेली वरच्या मजल्यावरची मुलगी हातात बाहुली घेऊन म्हणाली, "चाचा, हा कोण?"

"सिद्दी इब्राहीम."

"कुणाच्या बाजूचा?"

"राजांच्या."

"आणि हा?"

"शंकराजी मोहिते. खानाच्या."

तिनं दोन्ही बाहुल्या समोर ठेवल्या, ब्रश पाण्यात बुडवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "मग ओळखायचं कसं?"

तेव्हाच्या लोकांनाही हा प्रश्न पडत असणार. दख्खनच्या फौजांना आजच्यासारखा गणवेश नव्हता. पांढरं-मळकं सुती कापड, मंजिष्ठाचा लाल, निळीचा निळा, हळदीचा पिवळा, ज्याला जे मिळेल ते. आम्ही नियम केला की अंगावरच्या कपड्याला वाटेल तो रंग द्यावा, बाजू दाखवायची ती पायाखालच्या बैठकीच्या कडेला. एका बाजूला पांढरी कड, दुसऱ्या बाजूला काळी. खेळताना नजर वरून पडते, कड लगेच दिसते. जगभरचे हौशी खेळाडू हीच युक्ती वापरतात, हे मला नंतर कळलं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी सामान सांगतो. रेडिओवर बाहुली दाखवता येत नाही, तेव्हा नीट ऐका असं मी तिथे म्हणालो होतो. इथे नीट वाचा म्हणतो. परदेशी खेळातली बाहुली साधारण २८ मिलिमीटर उंच असते, धातूची नाहीतर प्लास्टिकची, आणि महाग. तिच्या वाटेला जाऊ नका. बाजारातला मातीचा किंवा प्लास्टरचा मावळा चालतो. तो घोट्यात मोडतो, म्हणून आधीच जाड पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर फेव्हिकॉलनं चिकटवा. सगळ्या मावळ्यांचा हात तलवारीसह वरच असतो, कारण साचा एकच. दोघा-तिघांची तलवार हळूच काढून झाडूची काडी लावली की भाला होतो. काडी वाकवून दोरा बांधला की धनुष्य. थर्मोकोल वापरू नका. सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, आणि नसती आली तरी मातीच्या डोंगराची सर त्याला नाही.

अंतर मोजायला पट्टी नको, दोरी घ्या. आम्ही आधी वितीनं मोजत होतो. पण प्रत्येकाची वीत वेगळी आणि भांडणं एकसारखी. म्हणून एकाच्या वितीवर गाठी मारून दोरी केली. सपाटीवर दोन गाठी, चढावर किंवा झाडीत एक. बाणाचा टप्पा चार गाठी. एका वेळी एका बाजूनं एकच माणूस हलवायचा, मग दुसऱ्या बाजूनं एक. सगळं सैन्य एकदम हलवलं की समोरचा मुलगा कंटाळून मोबाइल काढतो. बैठकीला बैठक लागली की हातघाई. दोघांनी फासा टाकायचा. फरक एक-दोनचा असेल तर हरलेला मागे सरतो, तीन किंवा जास्त असेल तर पडतो. पडलेला माणूस आडवा ठेवायचा, डब्यात टाकायचा नाही. तो तिथेच राहतो, त्याला वळसा घालून जावं लागतं.

एवढं मुलं अर्ध्या तासात शिकतात. त्यांना पटत नाही तो हिमतीचा नियम. निम्मी माणसं पडली की उरलेल्या प्रत्येकासाठी पाळीच्या सुरुवातीला फासा टाकायचा. एक किंवा दोन आला तर तो मैदान सोडून जातो. "मावळे पळत नाहीत," असं मला ठणकावून सांगण्यात आलं. मी म्हटलं, मग फाशावर एक जास्त घ्या, पण टाका. फौजा शेवटच्या माणसापर्यंत मरत नाहीत, त्या मोडतात. ज्यानं हा नियम गाळला त्याच्या डावात बाजीप्रभूंच्या खिंडीला काही अर्थच उरत नाही. सगळेच जर न डगमगता मरणार असतील तर खिंडीत उभं राहिलेल्यांचं वेगळेपण ते काय?

आणि दोन्ही बाजूंचं काम एकसारखं ठेवू नका. बुद्धिबळाची सवय इथे मोडावी लागते. प्रतापगडाच्या डावात राजांना गडाच्या वाटेवर सुखरूप पोचवायचं, हे एका बाजूचं काम. दुसऱ्या बाजूचं, जखमी खानाची पालखी छावणीकडे न्यायची. पालखीला चार भोई लागतात, त्यांची चाल एकच गाठ. संभाजी कावजीनं भोयांचे पाय का तोडले, हे मुलांना सांगावं लागत नाही, डावात दिसतंच. जिवा महाला सय्यदापर्यंत एका पाळीत पोचतो की दोन, यावर सगळा डाव लटकलेला असतो. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आमच्याकडे आता अंतराचा हिशेब म्हणून वापरतात.

बाजू चिठ्ठी टाकून ठरते. ज्याला खान येतो त्यानं रडायचं नाही, कारण पुढच्या डावात बाजू बदलते. गेल्या खेपेला एक मुलगा खानाकडून फार विचारपूर्वक खेळला आणि पालखी जवळजवळ काढली. इतर पोरं खवळली. त्याला हरायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, खान मूर्ख असता तर ती भेट इतकी अवघड गेली असती का? यावर जिन्यात बराच वाद झाला आणि दोन पालकही त्यात उतरले. एकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "चाचा, मुलांना खानाकडून खेळवायची गरज आहे का?" मी त्यांना दहा नावांची यादी वाचायला दिली. त्यांनी ती खिशात घातली. पुढच्या रविवारी त्यांचा मुलगा खेळायला आला, एवढं खरं.

सिद्दी इब्राहीम हा एकटादुकटा नव्हता, हे हळूहळू डावांतूनच कळत जातं. १६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा तो बाहेरून फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल गेला होता. त्याचा मुलगा वाहवाह तिथे जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. वेढा घालणारा सिद्दी, फोडायला जाणारा सिद्दी. कृष्णाजी अनंत सभासदानं १६९७ साली जिंजीला बसून बखर लिहिली, तीत सुरुवातीच्या पायदळाचा सरनोबत म्हणून नूरबेगाचं नाव आहे. ही नावं मी मुलांना धडा म्हणून सांगत नाही. डावाला माणसं कमी पडली की यादी काढतो आणि बाहुलीच्या बैठकीखाली पेन्सिलनं नाव लिहितो.

दुसऱ्या डावासाठी उंबरखिंड घ्या. फेब्रुवारी १६६१, खोपोलीजवळ. ठाण्याहून सकाळी निघालं तर जागा बघून दुपारी परत येता येतं. शाइस्ताखानानं पुण्याहून कारतलबखानाला कोकणात धाडलं. त्याच्याबरोबर माहूरची रायबागन होती, मोगलांची सरदार. अरुंद वाट, दोन्ही अंगाला रान आणि पुढचं-मागचं तोंड बंद. टेबलावर जाड पुस्तकांच्या दोन रांगा लावल्या की खिंड झाली. इथे आम्ही तहानेचा नियम घातला. दर तीन पाळ्यांनी खिंडीतल्या बाजूची चाल एका गाठीनं कमी. चौथ्या-पाचव्या पाळीला समोरचा खेळाडू आपणहोऊन विचारतो, "तह करता येतो का?" येतो. खंडणी देऊन कारतलबखान तसाच सुटला होता आणि शरण जा असा सल्ला त्याला रायबागननंच दिला होता. आमच्याकडे रायबागन व्हायला मुलींमध्ये चढाओढ असते.

सध्या आम्ही पाण्यावर अडलो आहोत. बाळकुमच्या माणसाला खाडी सोडून कसं चालेल? १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर तिथे जहाजं बांधायला सुरुवात झाली. कशेळीचा पूल ओलांडला की पलीकडे भिवंडीच. ती जहाजं समुद्राला लागायची तर घोडबंदरवरून वसईच्या खाडीनंच. म्हणून मुलांना आता खांदेरी खेळायची आहे. २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारशात जे १२ किल्ले गेले त्यात खांदेरी आहे, हे त्यांना शाळेत सांगितलंय. १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी महाराजांनी त्या बेटावर तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांनी वेढा दिला. मराठी आरमार दौलतखानाच्या हाताखाली होतं. त्याची गलबतं लहान, उथळ आणि वल्ह्यांची. इंग्रजांची जहाजं मोठी आणि शिडांची. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी. तेवढ्यात लहान होड्या रात्री बेटावर माणसं आणि सामान पोचवून यायच्या.

कागदाच्या होड्या तयार आहेत. निळी चादरही मिळाली. दर पाळीला वाऱ्यासाठी फासा टाकायचा, एक ते तीन आला तर शिडाचं जहाज हलणार नाही, इतकं ठरलंय. भरती-ओहोटीचं मात्र अजून जमत नाही. एक मुलगा म्हणतो चादर ओढायची. दुसऱ्याच्या मते त्यानं सगळ्याच होड्या उलटतील.